आम्लातलं मीठ काढणारी भूमेश्वरी

भूमेश्वरी पटले आमच्या आमगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाली, त्याच्या आधीच तिची बदनामी येऊन बसली होती. गोंदियाच्या कॉलेजात हिच्या बेफिकिरीनं विषारी वायू सुटला, एका शिपायाची फुप्फुसं गेली, म्हणून हिला काढलं, असं सगळे म्हणत. मी तिथं भूगोल शिकवायचो. आम्ही दोघं गोंदियाहून एकाच सकाळच्या गाडीनं यायचो, पण दीड-दोन वर्षं तिनं स्वतःबद्दल एक शब्द काढला नाही. मग एका विज्ञान दिनाला असं काही घडलं की परतीच्या गाडीत मी तिला सरळ विचारलं आणि तिनं सरळ सांगितलं.

ती नागऱ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली, पूर्वी माळव्यातून आलेल्या पोवारांच्या घरची. वडील मोहनलाल धानाचे शेतकरी. घरी पोवारी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, असं तिचं बोलणं तीन जागी वाढलं. बीएस्सी झाल्यावर मोहनलालनं लग्नाचा विषय काढला. ती म्हणाली, एमएस्सी करीन. आई तुलसानं मध्यस्थी केली. गोंदियात एकटीनं राहायचं नाही, चांगल्या घरची पोरगी सोबत पाहिजे, एवढी अट घालून बाप तयार झाला. साल होतं एकोणीसशे नव्व्याण्णव.

ती चांगल्या घरची पोरगी म्हणजे नीतू कापगते. सौंदडची, कोहळी समाजाची. वडील भैयालाल लवकर गेलेले, आई कुंदाबाईनं एकटीनं शेती आणि पोरगी दोन्ही सांभाळलेलं. नीतूच्या हाताला फार सफाई. काचेची नळी बर्नरवर वाकवायची, बुचाला भोक पाडून बसवायची, तर कुठून थेंब गळायचा नाही. भूमेश्वरी तिला चिडवायची, "तुमच्या लोकांनी गावोगाव तलाव बांधले ना वो. पानी अडवनं तुमच्या रगतातच आहे."

"आन् तुमच्या रगतात काय? माळव्यातून पळून येनं?" नीतू म्हणायची.

एक खोली, एक स्टोव्ह, दोघींचे कपडे एका पेटीत. दिवाळीनंतर सौंदडची मंडई, म्हणजे जत्रा, असायची तेव्हा भूमेश्वरी तिच्या घरी मुक्कामाला जायची. कुंदाबाई दोघींना शेजारी बसवून वाढायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माह्या दोन पोरी."

एमएस्सीनंतर दोघी त्याच कॉलेजात तासिकांवर शिकवू लागल्या. विभागप्रमुख नंदलाल सर होते. गोंदियातलेच, बोलणं अर्धं हिंदीत. स्वभावानं गोड. पोरींना "बेटा" म्हणायचे. दोन हजार चारमध्ये त्यांना मुंबईहून संशोधनाचा एक प्रकल्प मंजूर झाला आणि त्यांनी दोघींना त्यात घेतलं. पीएचडी त्याच कामावर करायची असं ठरलं.

हे काम काय होतं ते मला भूमेश्वरीनं गाडीत समजावलं. अणुभट्टीचं इंधन बनवताना भुगा, राख, खराब तुकडे असं बरंच काही उरतं. त्यात मोलाचा धातू असतो, म्हणून ते टाकून देत नाहीत. नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि धातू पुन्हा वापरायला काढून घेतात. पण त्या उरल्यासुरल्या मालात क्लोराइड मिसळलेलं असतं, म्हणजे आपल्या जेवणातल्या मिठात असतं तेच. ज्या स्टीलच्या टाक्यांत हे आम्ल ठेवतात त्यांना नुसतं आम्ल फारसं खात नाही. क्लोराइड असलं की मात्र स्टीलला आतून बारीक बारीक भोकं पडू लागतात. आणि आत जे भरलेलं असतं ते बाहेर येऊन चालत नाही. म्हणून आधी क्लोराइड काढायचं.

किरणोत्सारी असं काहीच गोंदियात आलं नाही, येणारही नव्हतं. इथं फक्त आम्ल घ्यायचं, त्यात मीठ घालायचं, खऱ्या धातूच्या जागी थोडाफार त्याच्यासारखा वागणारा दुसरा साधा धातू घालायचा, आणि मग घातलेलं मीठ परत काढायचा खटाटोप करायचा. गावात मात्र भलतंच पसरलं. पानठेल्यावर कोणीतरी मोहनलालला विचारलं, "पोरगी बॉम्ब बनवून राहिली म्हंते गा?"

"नाही बाप्पा," मोहनलाल म्हणाला, "मीठ टाकते आन् मीठ काढते. कायले, ते मले नोको विचारू."

जुनी पद्धत चांदीची होती. सिल्व्हर नायट्रेट घातलं की क्लोराइड नासलेल्या दुधासारखं पांढरं होऊन खाली बसतं. पण उरलेली चांदी आम्लात राहते आणि खाली बसलेला पांढरा साका हा नवाच कचरा होतो. नंदलाल सरांना हीच पद्धत थोडी सुधारायची होती. भूमेश्वरीच्या डोक्यात दुसरंच आलं. पहिल्या वर्षाच्या पोरांना ती तांब्यावर नायट्रिक आम्ल घालून दाखवायची, तेव्हा तपकिरी वायू निघायचा. हा वायू क्लोराइडला धरून स्वतः दुसरा वायू होऊ शकतो असं तिच्या वाचनात होतं. मग तोच आम्लातून फुगे काढत सोडला, मागून हवा फुंकली, तर क्लोराइड वाऱ्यावर निघून जाईल का? आम्लात नवीन काही उरायलाच नको.

सर म्हणाले, "ट्राय करो बेटा. लेकिन चांदीवालं काम थांबवू नका."

नीतूनं जोडणी उभी केली. एका फ्लास्कात वायू तयार व्हायचा, दुसऱ्यात आम्लातून जायचा, आणि शेवटी कॉस्टिक सोड्याच्या बाटलीत अडवला जायचा, कारण हा वायू माणसाच्या छातीला वाईट. सगळं धुराच्या काचेच्या कपाटात, वायू बाहेर ओढणारा वरचा पंखा लावून. बरेच महिने काही जमलं नाही. कधी आम्ल जास्त गरम, कधी वायू कमी. पावसाळा संपता संपता एक दिवस भूमेश्वरीनं त्या आम्लाचा नमुना परीक्षानळीत घेतला, त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला आणि दोघी पांढरं दिसायची वाट बघत उभ्या राहिल्या. पांढरं आलंच नाही. नळी पाण्यासारखी स्वच्छ.

"नीतू, तू मीठ टाकलं होतं ना?"

"मी कायले टाकू? तू टाकनार होती."

दोघींनाही वाटलं, मीठ घालायचंच राहिलं. सगळं पुन्हा केलं. एकीनं मीठ घातलं, दुसरीनं बघितलं. पुन्हा नळी स्वच्छ. तेव्हा मग नीतूनं तिला मिठी मारून गरगर फिरवलं, आणि प्रयोगशाळेचा शिपाई टिकाराम धावत आला की काही फुटलं की काय. त्यालाही थेंब टाकून दाखवला. तो म्हणाला, "यात तर काहीच दिसत नाही." "म्हनूनच तर!" दोघी एकदम ओरडल्या.

हे सांगताना भूमेश्वरी गाडीत हसली होती.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात त्या कपाटाच्या पंख्याची मोटर जळाली. कॉलेजात दुरुस्तीचं काम म्हणजे आज-उद्या. इकडे मुंबईहून तज्ज्ञ मंडळी काम बघायला येणार होती आणि सरांना तोवर आणखी काही निकाल हवे होते. भूमेश्वरीनं स्पष्ट सांगितलं, पंखा लागेपर्यंत वायू सोडायचा नाही. सर हसले. "अरे, खिडक्या आहेत ना." ती म्हणाली, खिडकीचा वारा आपल्या हातात नसतो. नीतूही तेव्हा तिच्या बाजूनं बोलली.

शनिवारी भूमेश्वरीला सालेकश्याला मामेबहिणीच्या लग्नाला जायचं होतं. सकाळी ती कॉलेजात येऊन गेली, कपाटाची किल्ली नीतूच्या हातात दिली आणि बजावलं, "सोमवारपर्यंत काही करू नोको वो." नीतू म्हणाली, "जाय तू. माह्यासाठी लाडू आनजो."

त्याच दुपारी प्रयोग झाला. बाटलीतलं कॉस्टिकचं द्रावण जुनं झालेलं, त्यात वायू अडला नाही. वारा उलटा. टिकाराम कपाटाजवळच उभा होता. घसा जळला, खोकला आला, मग बरं वाटलं म्हणून सायकलनं घरी गेला. या वायूचं असंच असतं, आधी सोडून देतो आणि मागाहून धरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला श्वास घेता येईना. सरकारी दवाखान्यातून त्याला नागपूरला हलवायची तयारी चालली होती, तेवढ्यात सालेकश्याहून परतलेली भूमेश्वरी धावत तिथं पोचली.

वॉर्डाच्या दारात टिकारामची बायको सुशिलाबाई उभी होती. तिनं दोन्ही हात आडवे केले.

"कोन्या तोंडानं आली वो तू? माह्या मानसाले मारून पाहाले आली का?"

भूमेश्वरीला काही उमगलं नाही. कॉलेजवरचा राग आपल्यावर निघाला असेल असं तिला वाटलं. आणलेले लाडू हातात तसेच घेऊन ती परत आली. खोलीवर नीतू नव्हती. सौंदडला गेली असेल, घाबरली असेल, असं तिच्या मनात आलं. तिला नीतूचीच काळजी लागली.

त्या आठवड्यात प्राचार्यांनी चौकशी बसवली. पंखा बंद होता आणि दुरुस्तीला दिरंगाई झाली हे ठासून सांगायचं, एवढी तयारी करून ती गेली. तिच्या बाजूच्या खुर्चीवर नीतू बसली होती, मान खाली घालून. नंदलाल सर बोलले. म्हणाले, ही पोरगी हुशार आहे, पण उतावळी आहे. वायूचा प्रयोग तिचाच हट्ट. मी चांदीवर काम करायला सांगितलं होतं, सगळ्यांना माहीत आहे. शनिवारी सकाळी ती आली, वायू सुरू केला आणि लग्नाला निघून गेली.

"सर!" भूमेश्वरी उठूनच उभी राहिली. "मी किल्ली द्यायले आली होती. नीतूले विचारा."

प्राचार्यांनी नीतूकडे बघितलं. भूमेश्वरी निश्चिंत होती. तिनं मला सांगितलं, "सर, मले त्या वेळी भीती वाटली नाही. नीतू बोलली की संपलं, असं वाटून राहिलं होतं."

नीतू बोलली. "मी आले तेव्हा गॅस सुरूच होता."

एवढंच. प्राचार्यांनी चौकीदाराला बोलावलं, त्यानं सकाळी भूमेश्वरीला येताना-जाताना पाहिलं होतं, ते खरंच होतं. टिकाराम नागपूरला खाटेवर होता. चौकशी तिथंच आटोपली. भूमेश्वरीच्या तासिका बंद झाल्या, प्रकल्पातून नाव गेलं आणि पीएचडी राहिली.

ती चार-आठ दिवस घरी नुसती बसून होती. मग सौंदडला गेली. कुंदाबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं नेहमीसारखं ताट वाढलं, "किती सुकली वो" म्हणून गालावरून हात फिरवला. नीतू मागच्या अंगणात होती. भूमेश्वरी जेवण तसंच टाकून तिकडे गेली.

"काऊन केलं तू असं?"

नीतू बोलली ते हळू, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. "सरांनी करायले लावलं. मी नाही म्हनू शकली नाही. आन् मंग टिकाराम तसा झाला. सर म्हने, दोघीपैकी एकीचं नाव येईलच. माहं आलं तर मी घरी बसन, एकीलेच पर्मनंट करता येते."

"मंग माहं घेतलं?"

"तुह्यापाशी बाप आहे, लगन होईल तुहं. माह्यापाशी काय होतं, सांग ना."

"मी होती ना," भूमेश्वरी म्हणाली.

आतून कुंदाबाईनं हाक मारली, भात निवून राहिला म्हणून. भूमेश्वरी अंगणाच्या मागच्या दारानंच बाहेर पडली आणि स्टेशनवर जाऊन बसली. कुंदाबाईला तिनं काही सांगितलं नाही. कधीच सांगितलं नाही.

टिकाराम वाचला, पण जिना चढला की बसावं लागे. तो घरी आल्यावर भूमेश्वरी त्याला भेटायला गेली. सुशिलाबाईनं दार अर्धंच उघडलं, तर आतून तोच म्हणाला, "येऊ दे तिले. तिनं काही केलं नाही." बसल्या बसल्या त्यानं सगळं सांगितलं. शनिवारी दुपारी सर आले, त्यांनी सुरू करायला लावलं, नीतूबाईंनी सुरू केलं, आपण बाटल्या धरल्या.

"मंग चौकशीत सांगतलं काऊन नाही?"

"मले कोनी विचारलंच नाही," तो म्हणाला. मग श्वास घेऊन, "आन् आता सांगायची सोय नाही, बाई. बसून करायचं काम देऊन ठेवलं मले. तोंड उघडलं तर तेही जाईल."

तिनं त्याला आग्रह केला नाही. सुशिलाबाई मात्र दाराशी उभी राहून रडली, आणि जाताना तिनं भूमेश्वरीचे दोन्ही हात धरून ठेवले.

वर्षभरानं ती आमच्या शाळेत लागली. मोहनलालनं आणलेली दोन स्थळं त्या बदनामीपायी परत गेली होती. तिसऱ्याला तिनंच नकार दिला. शाळेत ती चांगली शिकवायची, पण प्रयोगाच्या तासाला दारं-खिडक्या सताड उघडायची आणि एकाही पोराला टेबलाजवळ एकटं उभं राहू द्यायची नाही. स्टाफरूममध्ये यावर कुत्सित बोललं जाई.

दोन हजार दहाच्या विज्ञान दिनाला आमच्या हेडमास्तरांनी गोंदियाच्या कॉलेजातून पाहुण्या बोलावल्या, डॉक्टर नीतू कापगते. नुकतीच पीएचडी झालेली, अणुऊर्जेच्या कामात जिल्ह्याचं नाव काढणारी. हेडमास्तरांना मागचं काही माहीत नव्हतं. विज्ञानाची शिक्षिका म्हणून आभार मानायचं काम भूमेश्वरीकडे होतं. पाहुण्यांचं नाव तिला आदल्या दिवशी कळलं. तिनं रजा टाकली नाही.

नीतू छान बोलली, हे मान्य केलं पाहिजे. स्टीलला पडणारी भोकं, आम्लातून मीठ काढणं, तपकिरी वायू, सगळं तिनं पोरांना कळेल असं सांगितलं. मग हसून म्हणाली, "पहिल्यांदा नळीत पांढरं आलंच नाही ना, तेव्हा मला वाटलं, मी मीठ टाकायलाच विसरले!"

पोरं खळखळून हसली. मी सहज बाजूला बघितलं. भूमेश्वरी भिंतीला टेकून उभी होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता की मी हसायचा थांबलो. मला तेव्हा कारण माहीत नव्हतं. पुढं तिनं सांगितलं, "नोकरी नेली, डिग्री नेली, ते मी पचवलं होतं, सर. पन ती गोष्ट आमची दोघींची होती. तिनं त्यातूनही मले काढलं."

आभाराला ती माइकपाशी गेली. हेडमास्तरांचे, पाहुण्यांचे नाव घेऊन आभार मानले. मग पोरांना म्हणाली, "मॅडम एक गोष्ट सांगायला विसरल्या. ती लक्षात ठेवा. पंखा बंद असेल तर हा वायू कधी सोडायचा नाही. कोणी सांगितलं तरी नाही. आणि सोडलाच, तर मी सोडला म्हणून कबूल करायचं." आणि जागेवर येऊन बसली. नीतूचा हात पाण्याच्या ग्लासाकडे गेला होता, तो तिथंच राहिला. पाहुण्यांचा चहा त्या दिवशी कोणी घेतला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, एका दुपारी, टिकाराम शाळेत आला. स्टेशनपासून चालत आल्यानं त्याला उभं राहवत नव्हतं. मीच त्याला खुर्ची दिली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. भूमेश्वरी वर्गातून आली तसा म्हणाला, "रिटायर झालो, बाई. आता माहं काही घेऊ शकत नाही कोनी. चला, सांगून येऊ."

मीही सोबत गेलो. नंदलाल सर तोवर निवृत्त होऊन रायपूरला मुलाकडे गेले होते, प्राचार्य नवे होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. टिकाराम मध्ये मध्ये थांबत, पण काही न गाळता बोलला. मग त्यांनी नीतूला बोलावलं. तिनं एकदा टिकारामकडे बघितलं आणि नाकारलं नाही. "मी तेव्हा घाबरले होते, सर," ती प्राचार्यांना म्हणाली.

अपघाताचा ठपका भूमेश्वरीवरून निघाला. महाविद्यालयानं तसं कळवलं. संशोधनाचं विचारलं तेव्हा प्राचार्यांनी हात पसरले. छापून आलंय, पदवी दिली गेलीय, मार्गदर्शक इथं नाहीत. ते प्रकरण विद्यापीठाचं. तिनं विद्यापीठात अर्ज केला. त्याचं अजून काही झालेलं नाही आणि होईल असं तिलाही वाटत नाही.

त्या दिवशी आम्ही बाहेर पडलो तर नीतू व्हरांड्यात मागून आली. "भूमे," तिनं हाक मारली. "आता तरी बोलशील माह्याशी?"

भूमेश्वरी थांबली. "तू साहेबाले सांगतलं, घाबरली होती म्हनून. मी तिथंच बसली होती, नीतू. माह्याकडे पाहिलंही नाही तू."

नीतूच्या डोळ्यांत पाणी आलं. ती काहीतरी बोलणार होती. भूमेश्वरीनं वाट बघितली, खरोखर बघितली, मी साक्षीला आहे. पण नीतूच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि तेवढ्यात तास संपल्याची घंटा होऊन पोरं बाहेर आली. भूमेश्वरीनं टिकारामच्या काखेत हात घातला आणि त्याला पायरी पायरीनं खाली उतरवू लागली.

शाळेत आता तिला मान आहे. जे तिच्याशेजारी बसत नव्हते ते तिच्याकडून पोरांच्या शिकवण्यांचा सल्ला घेतात. मागं एकदा गाडीत मी तिला म्हटलं, नाव साफ झालं, वय काही गेलेलं नाही, पुन्हा एखादं काम हाती घ्या, कुठूनतरी मार्गदर्शक मिळेल.

"एकटीनं होत नाही ते, सर," ती म्हणाली. "एकीनं वायू सांभाळायचा, एकीनं नमुना काढायचा. आपली पाठ वळली तरी मागची सोबतीन बरोबर पाहून राहिली, असा भरोसा लागते. तो आता येत नाही मले." मग तिनं पिशवीतून नववीच्या वह्या काढल्या आणि आमगाव येईपर्यंत तपासत बसली.